वाहेदचं ऑपरेशन

वाहेदने खिशातून कागदाची घडी काढली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच तो मोठ्याने वाचू लागला.

"पयला सवाल. डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन तुमी महिन्यातून किती लोकायचं—"

जानरावने त्याच्या मांडीवर फाडकन चापट मारली. समोरच्या बाकावरच्या दोघांनी वर पाहिलं आणि लगेच पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या दवाखान्यात बसलेला प्रत्येक पुरुष आपण इथे नाहीच अशा थाटात बसला होता. जानरावने तर दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, जणू भर उन्हातून आला आहे. बाहेर डिसेंबर होता.

"मनातल्या मनात वाच ना बे."

"मनातल्या मनात वाचलं तं डॉक्टरले आयकू कसं येईन? तालीम करून राहिलो."

दोघेही रेल्वेतून निवृत्त झालेले कीमॅन. तीस वर्षं बडनेऱ्याजवळचा रूळ त्यांनी पायी तपासला होता. खांद्यावर हातोडी आणि पाना घेऊन आपापल्या हद्दीतली, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी पाहायची, सैल दिसली की ठोकून बसवायची आणि पुढे चालायचं. दोघांच्या हद्दी एका किलोमीटरच्या दगडापाशी मिळत. तिथे बसून डबा खायचा आणि बोलायचं. पोरांची लग्नं, साहेबांचे नखरे, गुडघ्यांचं दुखणं, सगळं त्या दगडापाशी बोलून झालं होतं. फक्त हे एक राहिलं होतं.

जानरावला अकरा वर्षांपासून साखर. गेली दोन वर्षं त्याच्या पुढच्या कातडीला चिरा पडत. मलम लावलं की भरत, महिन्याभराने पुन्हा पडत, आणि दर वेळी कातडी थोडी अधिकच आवळून येई. लघवीला जळजळ व्हायची. बायकोजवळ, चतुराबाईजवळ जायची तर सोयच उरली नव्हती. खरं सांगण्याऐवजी त्याने घोरण्याचं निमित्त काढलं आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. दिवाळीनंतर तिथे एक पांढुरका, कडक ठिपका दिसायला लागला. तो मलमाला दाद देईना. जानरावचा थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला होता आणि त्यानेही सुरुवातीला नुसता ठिपकाच तर आहे म्हणून सोडून दिलं होतं. जानराव घाबरला. साधासुधा नाही, चांगला घाबरला.

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पाहिल्याबरोबर सांगितलं, सुंता करून घ्यावी लागेल आणि लवकर घ्या. पण तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर जानरावच्याच गल्लीतला. जानराव 'येतो' म्हणून निघाला तो परत गेलाच नाही. पंधरा दिवस गिळून ठेवलेलं त्याने शेवटी वाहेदच्या ओट्यावर ओकलं, आणि तेही आडवळणाने.

"वाहेद, तुमच्यात थे कार्यक्रम असते ना... थे कोण करते?"

"कोणता कार्यक्रम?"

"थोच. लहान पोरायचा."

"माह्यावाला न्हाव्यानं केला होता. त्याले मरून चाळीस वर्सं झाले."

"कसं वाटते?"

"मी चार वर्सांचा होतो. मले घोड्यावर बसवलं अन् जिलेबी देल्ली. एवढंच याद हाय. काहून?"

जानरावचा चेहरा पडला. वाहेदच्या मोहल्ल्यात या विषयातला जाणकार घरोघर सापडेल अशी त्याची पक्की समजूत होती. पण साठी उलटलेल्या माणसाची सुंता तिथेही कोणी पाहिली नव्हती. मग त्याने ठिपक्याचं सांगितलं. वाहेद हसायचा थांबला. जानरावच्या भावाच्या मयतीला तो खांदा द्यायला होता.

"डॉक्टर मी पाह्यतो," तो म्हणाला. "तुह्यं नाव कोठी निंगनार नाई. माह्यावर सोड."

आणि त्याने खरंच पाहिलं. त्याचा भाचा शाहनवाज याचं बडनेऱ्यात मेडिकल. तिथून तो तीन नावं घेऊन आला आणि रूळ तपासावा तशी त्याने ती तपासली. पहिल्याचा अमरावतीत भला मोठा फलक, ना टाका ना दुखणं, दहा मिनिटांत मोकळे. वाहेद स्वतः तिथे जाऊन बसून आला. "साखर हाय का, हेच कोणी इचारलं नाई. आजच झोपा म्हणे," असं सांगून त्याने ते नाव खोडलं. दुसरा डॉक्टरही अमरावतीचाच, नाव चांगलं, हात चांगला. पण त्याच्याकडे प्रणाली नर्स होती, आणि प्रणाली म्हणजे उत्तमरावांची पुतणी, आणि उत्तमराव म्हणजे जानरावच्या विहाराचे अध्यक्ष. "उत्तमरावायले समजलं म्हंजे माईकवरच समजलं," जानराव म्हणाला आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने खोडलं. उरला तिसरा, डॉक्टर पियुष, अकोल्याचा. सकाळची गाडी पकडून दोघे आले होते. मूर्तिजापूर गेल्यावर जानरावने हळूच मनातलं आणखी एक बाहेर काढलं होतं.

"लोकायले समजलं तं म्हणतीन, जानराव मुसलमान झाला."

"तेवढ्यानं होता येत असतं तं काय पायजे होतं! तीस रोजे ठेवा लागतात बावा. तुले सकाळून दोनदा पोहे लागतात. तुह्याच्यानं नाई होत."

जानरावला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून थोडा धीरही आला.

आतून नाव पुकारलं गेलं. डॉक्टर चाळिशीचा, बोलायला सावकाश. त्याने जानरावला पडद्यामागे तपासलं तोवर वाहेद भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र मोठ्या भक्तिभावाने पाहत राहिला. मग खुर्चीत बसून त्याने कागद उघडला.

डॉक्टरने एकाही प्रश्नाला नाक मुरडलं नाही. आठवड्याला दोन-तीन तरी करतो, म्हणाला, आणि त्यातले निम्मे साखरवालेच असतात. भूल फक्त तेवढ्या जागेची, सुई टोचताना दुखेल, नंतर नाही. पाऊण तास लागेल, संध्याकाळी घरी. टाके आपोआप गळतील, दोन-तीन आठवड्यांत. सूज येईल, निळं-काळं दिसेल, पाहून घाबरायचं नाही. रक्त आलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरायचं. तरी थांबलं नाही, ताप आला किंवा लघवी अडली तर फोन.

"फोन कोण उचलीन?" वाहेदने विचारलं. तो पाचवा सवाल होता.

"मी."

"तुमी सोता?"

"करून बघा एकदा."

वाहेदने त्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली. पण ज्या प्रश्नासाठी ते एवढे लांब आले होते तो कागदावर नव्हता. तो जानरावने स्वतः विचारला, टेबलाच्या काचेकडे पाहत.

"थो ठिपका, साहेब. माहा भाऊ..."

"बघून तरी तसलं काही वाटत नाही," डॉक्टर म्हणाला. "पण मी नुसत्या वाटण्यावर सोडत नाही. काढलेली कातडी तपासायला पाठवणार. दहा-बारा दिवसांत कळेल. आधी साखर खाली आणा. ही एवढी साखर असताना मी हात लावणार नाही. महिन्याने या." मग त्याने पत्ता पाहिला आणि तो हसला. "बडनेरा. अहो, मी दर गुरुवारी अमरावतीत बसतो. तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर."

दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

"नेहमीचंच आहे," डॉक्टर म्हणाला. "अमरावतीचे सगळे इथे येतात आणि अकोल्याचे सगळे तिथे. गाडीत एकमेकांना दिसत कसे नाहीत, याचंच मला नवल वाटतं. बरं, घरी सांगितलंय?"

जानराव पुन्हा टेबलाच्या काचेकडे पाहू लागला.

"बायकोला सांगा. सहा आठवडे जपावं लागेल, म्हणजे दोघांनीही. आणि पट्टी एकट्याने बदलायला जमणार नाही. तुमचे हे मित्र बदलतील असं मला वाटत नाही."

"नाई बदलनार," वाहेद घाईघाईने म्हणाला.

त्या दुपारी चतुराबाई मेथी निवडत बसली होती. जानराव तिच्यासमोर पाटावर बसला आणि एकेक काडी उचलत त्याने सगळं सांगितलं. चिरा, ठिपका, भाऊ, अकोला. तिचे हात थांबले.

"अन् म्या दोन वर्सं समजून राहिली का तुमाले माहा कटाळा आला," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांना पाणी आलं, मग रागही आला, आणि रागाच्या भरात उठून तिने त्याची गादी बाहेरच्या खोलीतून उचलली आणि आत नेऊन टाकली. जानराव पाटावर बसून राहिला. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण बायको ती बायको, आणि जग ते जग. जगाला कळू द्यायचं नव्हतं, हा त्याचा हट्ट कायम होता.

महिनाभर त्याने पोह्यांवर पाणी सोडलं. साखर उतरली. जानेवारीत ऑपरेशन झालं, अकोल्यालाच. सुई टोचली तेव्हा डोळ्यांपुढे तारे चमकले, पुढे मात्र कात्रीचा आवाज तेवढा ऐकू आला आणि आपलं काही कापलं जात आहे यावर विश्वासच बसेना. बाहेर वाहेद तीन तास एका जागी बसून होता. येताना गाडीत त्याने जानरावला खिडकीची जागा दिली आणि मूर्तिजापूरपर्यंत कोणाला बाजूला टेकू दिलं नाही.

पहिले दोन दिवस वाईट गेले. लुंगीचा स्पर्शसुद्धा सोसवत नव्हता. तिसऱ्या दिवशी सूज पाहून त्याने फोन लावला. डॉक्टरने स्वतः उचलला, फोटो मागवला, पाहिला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. चतुराबाई पट्टी बदलायची. लाज दोघांनाही वाटायची आणि हसूही दोघांनाच यायचं. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. जुन्या सुजेने कातडी निबर झाली होती, एवढंच. जानरावने फोन ठेवला आणि तो उभ्या उभ्याच रडला. मग लगेच वाहेदला फोन लावून कळवलं. वाहेद म्हणाला, "चाल, आता मले झोप येईन."

फेब्रुवारीत जानराव पहिल्यांदा मोकळेपणी पायी निघाला, शाहनवाजच्या मेडिकलपर्यंत. साखरेच्या गोळ्या संपल्या होत्या. ऊन कोवळं होतं, पँट कुठे टोचत नव्हती, आणि चालणं ही काय मजेची गोष्ट आहे हे त्याला नव्याने कळत होतं. काउंटरपाशी उत्तमराव बीपीच्या गोळ्यांसाठी उभे होते. त्यांना जयभीम घालून तो बाजूला उभा राहिला. बाकावर वाहेदच्या मोहल्ल्यातले दोघे वयस्क चहा पीत बसले होते.

शाहनवाजने गोळ्या शोधता शोधता आवाज खाली आणला. "चाचा, मामूची तब्येत आता कशी हाय?"

"वाहेदले काय झालं?"

"नाई म्हंजे... ऑपरेशनची. तुमीच तं नेलं होतं ना त्यायले अकोल्याले."

जानरावला काही उमगेना. बाकावरच्या एकाने चहाचा घोट घेतला. "वाहेदमियांचं म्हणता? बिचाऱ्याचं साठीत नशीब निंगालं. खेड्यातला जनम, राहून गेलं असन."

"नमाजले पुढच्या सफेत उभे राह्यत ना हो इतके वर्सं," दुसरा म्हणाला, आणि दोघे तोंडातल्या तोंडात हसले.

शाहनवाजचे कान लाल झाले. "म्या इचारलं मामूले, डॉक्टर कोणासाठी पायजे. मामू म्हणे, माह्यासाठी. अमरावतीच्या त्या दवाखान्यात बी सोताच्याच नावानं बसले होते, यायच्यातल्याच एकानं पाह्यलं." त्याने हळूच बाकाकडे नजर टाकली. "अम्मी त्यायची धाकटी बहीण. तिले काय ठाऊक? तिनं हार अन् नवे कपडे पाठवले, लहान पोराले पाठवतात तसे. मामूनं ठेवून घेतले. काई बोलले नाई."

आता जानरावला उमगलं. महिन्याभरापासून वाहेद चौकातल्या चहाला येत नव्हता. गुडघे दुखतात म्हणत होता, आणि जानरावने ते खरं मानलं होतं. 'दोस्तासाठी पायजे' असं वाहेद म्हणू शकला असता. पण वाहेदला दोस्त किती आणि कोण, हे साऱ्या बडनेऱ्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने स्वतःचं नाव पुढे केलं होतं. जानरावला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती, त्या दवाखान्यात पडद्यामागे उभं राहतानाही नाही.

"ऑपरेशन माहं झालं," तो म्हणाला.

ते काउंटरपलीकडेही पोहोचलं नाही. "काय म्हणता, चाचा?" शाहनवाजने विचारलं.

जानरावने घसा खाकरला. उत्तमराव हातभर अंतरावर उभे होते. मग रुळावर काम करणाऱ्यांना गाडी आली म्हणून ओरडून सांगावं, त्या आवाजात तो बोलला.

"माहं झालं! सुंता माही झाली, जानराव तायडेची. साखरेनं कातडी खराब झाली होती. कॅन्सरचं भेव होतं, नाई निंगाला. वाहेद सोबतीले होता. त्याची चौथ्या वर्सीच झाली."

"त्यायचं तुमाले कसं ठाऊक?" बाकावरच्याने विचारलं.

"त्यानं सांगतलं. अन् थो खोटं बोलत नाई. एकडाव बोलला, थे माह्यासाठी."

कोणी हसलं नाही. बाकावरच्या दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. एक बाई खोकल्याचं औषध घेऊन निघून गेली. रस्त्यावरून ऑटो जात होते, समोरचा केळीवाला केळी विकत होता, आणि जानरावच्या छातीवरचं दोन वर्षांचं ओझं कुठल्या कुठे गेलं होतं. हेच जर डिसेंबरात बोलला असता तर वाहेदला तो हार घ्यावा लागला नसता. या विचाराने त्याला वाईट वाटलं आणि तरीही बरं वाटत राहिलं. आता थेट वाहेदच्या घरी जायचं होतं. शिव्या खायच्या होत्या, द्यायच्याही होत्या.

उत्तमराव आपल्या गोळ्या घेऊन एक शब्द न बोलता बाहेर पडले होते. झालं, जानरावच्या मनात आलं, रविवारी माईकवर. होऊ दे. तो पायरी उतरला तर उत्तमराव आपल्या स्कूटरपाशीच उभे होते. चावी लावायची, काढायची, पुन्हा लावायची, असं त्यांचं चाललं होतं.

"जानराव," त्यांनी मागे पाहिलं, कोणी नव्हतं. "लय दुखते का?"

जानराव त्यांच्याकडे पाहत राहिला. विहारात हजार माणसांपुढे बिनकागदाचं बोलणारा हा माणूस, आणि त्याला चार शब्द जमवायला एवढा वेळ लागला होता.

"पयले दोन दिवस," तो म्हणाला. "मंग नाई."

"मले पंधरा वर्सं झाले साखरेले."

"गुरुवारी अमरावतीतच बसतात थे डॉक्टर."

"अमरावतीत नको हो. प्रणाली हाय, तिच्या वळखीच्या पोरी हायेत जागोजागी." उत्तमरावांनी पुन्हा मागे पाहिलं. "अकोला बराय. पन गाडीत कोणी भेटलं तं? काय सांगू?"

"मी येतो सोबत," जानराव म्हणाला. "कोणी इचारलं तं सांगा, जानरावले दाखवाले नेऊन राहिलो."